वॉकर : एका इंग्रजी आडनावाचा अर्थ, इतिहास व प्रसार

ज्या शब्दांचा अर्थ उघड दिसतो, तेच शब्द व्युत्पत्तीच्या अभ्यासकाला पुष्कळदा अधिक फसवितात. 'वॉकर' हे इंग्रजी आडनाव ह्याचे चांगले उदाहरण आहे. इंग्रजीचा थोडाफार परिचय असणारा कोणीही त्याचा अर्थ 'चालणारा' असा सांगेल. परंतु चालणे ही सर्वच मनुष्यांची क्रिया असल्यामुळे तिच्यावरून एका मनुष्यास दुसऱ्यापासून वेगळे कसे ओळखावयाचे, हा प्रश्न अनुत्तरित राहतो. वस्तुतः हे आडनाव एका धंद्याचे आहे. मागावरून उतरलेले लोकरी कापड पाण्यात भिजवून, तुडवून घट्ट करणाऱ्या कारागिराला मध्ययुगीन इंग्लंडच्या काही भागांत 'वॉकर' म्हणत. ह्याच कारागिराला दुसऱ्या भागांत 'फुलर' आणि तिसऱ्या भागात 'टकर' म्हणत असत. ही तीनही नावे आज आडनावे म्हणून जिवंत आहेत. ती कोठे दाट आढळतात व कोठे विरळ, हे पाहिले म्हणजे 'वॉकर' ह्या शब्दाच्या अर्थाविषयीचा वादही बऱ्याच अंशी मिटतो.

प्रथम तो धंदा समजून घेतला पाहिजे. मागावरून उतरलेले लोकरीचे कापड सैल असते, त्याची वीण उघडी असते आणि त्यात लोकरीचा मूळचा तेलकटपणा व कातताना लावलेले तेल राहिलेले असते. असे कापड वस्त्र म्हणून फारसे उपयोगी पडत नाही. म्हणून ते पाण्याने भरलेल्या हौदात घालून पायांनी दीर्घकाळ तुडवीत. तेलकटपणा जावा म्हणून पाण्यात विशिष्ट प्रकारची चिकणमाती, म्हणजे आपल्याकडील मुलतानी मातीच्या जातीची माती, अथवा साठवून आंबविलेले मूत्र मिसळीत. तुडविण्यामुळे लोकरीचे तंतू परस्परांत गुंतत, कापड आटून जाड होई आणि वीण झाकली जाई. पुढे ते ताणून वाळविण्यात येई. कुंभार चिखल तुडवितो किंवा गृहिणी कणीक मळते, त्या दोन्ही क्रियांशी ह्या क्रियेचे साम्य आहे. आणि हे साम्य शब्दाच्या अर्थाच्या दृष्टीनेही महत्त्वाचे आहे.

प्राचीन इंग्रजीत 'वेआल्कन' असे क्रियापद होते. त्याचा अर्थ चालणे असा नसून लोळणे, उलटसुलट होणे, हेलकावणे असा होता. समुद्राच्या लाटांच्या संदर्भात ते वापरले जाई. पायांनी चालण्यासाठी 'गांगन' यांसारखी निराळी क्रियापदे होती. 'वेआल्कन'चे सगोत्र शब्द इतर जर्मानिक भाषांत आढळतात. प्राचीन उच्च जर्मनमध्ये त्याचा अर्थ मळणे असा आहे, आणि आधुनिक जर्मन 'वाल्केन' ह्या क्रियापदाचा अर्थ आजही लोकरीचे कापड तुडवून घट्ट करणे असाच आहे. ह्या क्रियापदापासून साधलेले 'वेआल्केरे' हे कर्तृवाचक नाम प्राचीन इंग्रजीतील शब्दार्थसूचींत लॅटिन 'फुल्लो' ह्या शब्दाचा प्रतिशब्द म्हणून दिलेले आढळते. 'फुल्लो' म्हणजे कापड तुडविणारा. अर्थात 'वॉकर' हा शब्द धंद्याच्या अर्थाने प्राचीन इंग्रजीच्या काळातच रूढ होता. 'लोळणे' ह्या अर्थापासून 'हिंडणे' व पुढे 'पायांनी चालणे' हे अर्थांतर मध्य इंग्रजीच्या काळात घडून आले. म्हणून 'कापडावर चालत, म्हणून वॉकर' हे नेहमी दिले जाणारे स्पष्टीकरण कालक्रमाच्या दृष्टीने उलटे आहे. 'चालणे' ह्या अर्थापासून धंद्याचे नाव निघालेले नाही. मळणे व लोळविणे ह्या जुन्या अर्थाचा अवशेष धंद्याच्या नावात टिकून राहिला, आणि क्रियापद मात्र दुसरीकडे गेले.

उरलेल्या दोन शब्दांची घडण निराळी आहे. 'फुलर' हा शब्द वर निर्दिष्ट केलेल्या लॅटिन 'फुल्लो'पासून प्राचीन इंग्रजीतच आलेला असून, नॉर्मन विजयानंतर त्याच अर्थाच्या जुन्या फ्रेंच शब्दाने त्याला बळकटी दिली. 'टकर' हा शब्द 'तूकियन' ह्या प्राचीन इंग्रजी क्रियापदापासून निघाला. त्याचा मूळ अर्थ छळणे, पीडा देणे असा होता. मध्य इंग्रजीत तो कापडाला दिल्या जाणाऱ्या ह्या कठोर संस्काराला लावण्यात आला. एकाच कारागिरासाठी असे तीन शब्द शेजारी शेजारी नांदत होते, ह्याची जाणीव त्या काळच्या लेखकांनाही होती. चौदाव्या शतकाच्या अखेरीस विक्लिफच्या अनुयायांनी केलेल्या बायबलच्या इंग्रजी भाषांतरात, मार्कच्या शुभवर्तमानातील येशूच्या शुभ्र वस्त्रांच्या वर्णनाच्या ठिकाणी, भाषांतरकाराने 'फुलर' व 'वॉकर' हे दोन्ही शब्द विकल्पाने दिले आहेत. एकच शब्द देशाच्या सर्व भागांतील वाचकांस कळणार नाही, अशी शंका त्यास असावी असे दिसते.

ह्या धंदेवाचक शब्दांची आडनावे केव्हा झाली, हे आता पाहावयाचे. इंग्लंडमध्ये वंशपरंपरागत आडनावाची चाल इ. स. १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर प्रथम भूधारक सरदार घराण्यांत सुरू झाली. सामान्य जनांत ती हळूहळू उतरली. दक्षिणेत चौदाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती बरीच स्थिरावली, तर उत्तरेत तिला आणखी सुमारे शंभर वर्षे लागली. १३७७, १३७९ आणि १३८१ ह्या वर्षांच्या डोईपट्टीच्या याद्या ह्या संक्रमणकाळाच्या साक्षीदार आहेत. त्यांतील काही याद्यांत नावापुढे प्रत्यक्ष धंदाही लिहिलेला असल्यामुळे, आडनाव व धंदा ह्यांची कोठे जुळणी होते आणि कोठे फारकत झाली आहे, हे ताडून पाहता येते. पुत्र कापड तुडवीत नसतानाही जेव्हा 'वॉकर' म्हणून ओळखला जाऊ लागला, तेव्हा तो शब्द धंद्याचे नाव न राहता कुळाचे नाव झाला. १५३८ पासून प्रत्येक पॅरिशने बाप्तिस्मा, विवाह व दफन ह्यांची नोंदवही ठेवावी असा नियम झाला आणि नावे अधिकच स्थिर झाली.

ह्या तीन शब्दांच्या भौगोलिक विभागणीचा शास्त्रीय अभ्यास गुस्ताव फ्रान्सन ह्या स्वीडिश विद्वानाने इ. स. ११०० ते १३५० ह्या काळातील धंदेवाचक आडनावांवरील आपल्या १९३५ च्या ग्रंथात केला. दक्षिण व पूर्व भागांत 'फुलर', नैऋत्येकडील परगण्यांत 'टकर', आणि पश्चिम मध्य भाग व उत्तर येथे 'वॉकर', अशी ही विभागणी आहे. सीमा अर्थातच काटेकोर नाहीत. सीमाप्रदेशात दोन शब्द एकत्र आढळतात, आणि लंडनसारख्या शहरात चोहोकडून माणसे येत असल्यामुळे तिन्ही भेटतात. तथापि एकूण चित्र स्पष्ट आहे.

विशेष म्हणजे हे चित्र पाच शतकांनंतरही पुसले गेले नाही. हेन्री ब्रोहॅम गपी ह्यांनी १८९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ब्रिटनमधील आडनावांची मूळ स्थाने शोधण्यासाठी शेतकऱ्यांची नावे आधारास घेतली. जमिनीशी बांधलेला हा वर्ग सर्वांत कमी स्थलांतर करतो, असा त्यांचा तर्क होता. अधिक व्यापक पुरावा १८८१ च्या खानेसुमारीचा आहे. तिच्यातील सर्व व्यक्तिनोंदी आज संगणकावर उपलब्ध असल्यामुळे प्रत्येक आडनावाचा नकाशा काढता येतो. त्यात 'टकर' हे डेव्हन, सॉमरसेट व त्यांच्या आसपासच्या परगण्यांत दाट आहे. 'फुलर' ससेक्स, सरे, केंट, एसेक्स, सफोक व नॉरफोक येथे. आणि 'वॉकर' यॉर्कशर, लँकाशर, डरहॅम, डार्बीशर व स्कॉटलंड येथे. रेल्वे आणि कारखाने ह्यांनी लोकसंख्या ढवळून काढल्यानंतरचे हे चित्र आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याचे महत्त्व पटते. ज्या बोलीभेदातून ही आडनावे जन्मली, तो सामान्य बोलण्यातून कधीच लोपला; आडनावांच्या वाटणीत मात्र तो राहिला.

स्थलनामांची साक्षही ह्याला पूरक आहे. बाराव्या शतकापासून इंग्लंडमध्ये पायांनी तुडविण्याऐवजी पाणचक्कीने चालणारे लाकडी हातोडे वापरले जाऊ लागले. टेंपलर पंथीयांच्या मालमत्तेच्या ११८५ मधील पाहणीत यॉर्कशरमध्ये व ग्लॉस्टरशरमध्ये अशा चक्क्यांची नोंद आहे. इ. एम. कॅरस-विल्सन ह्या इतिहासकार विदुषींनी १९४१ मध्ये ह्या बदलाला तेराव्या शतकातील औद्योगिक क्रांती असे म्हटले. वेगवान ओढ्यांच्या शोधात कापडाचा धंदा शहरे सोडून खेड्यांत गेला, असे त्यांचे मत होते. त्या मताच्या व्याप्तीविषयी पुढे मतभेद झाले. भाषेच्या दृष्टीने लक्षणीय गोष्ट अशी की, पायांची जागा हातोड्यांनी घेतली तरी शब्द बदलले नाहीत. उत्तरेत ही चक्की 'वॉक मिल' झाली, तर नैऋत्येत 'टकिंग मिल'. कॉर्नवॉलमधील कँबर्नजवळचे टकिंगमिल आणि बाथजवळचे त्याच नावाचे खेडे ह्यांची नावे त्यावरूनच पडली. म्हणजे स्थलनामे आणि आडनावे ही दोन स्वतंत्र साधने एकच सीमारेषा दाखवितात.

ह्या पुराव्याच्या प्रकाशात 'वॉकर'च्या इतर व्युत्पत्तींची परीक्षा करता येते. राजाच्या राखीव अरण्यात गस्त घालणाऱ्या अधिकाऱ्यासही 'वॉकर' म्हणत, त्यावरून हे आडनाव आले असावे, अशी एक उपपत्ती मांडण्यात आली आहे. असा अधिकारी असे हे खरे. परंतु राजाची अरण्ये दक्षिणेतही विस्तीर्ण होती. हँपशरमधील 'न्यू फॉरेस्ट' हे त्यांपैकी सर्वप्रसिद्ध होय. अरण्यरक्षक हा जर ह्या आडनावाचा मुख्य उगम असता, तर दक्षिणेत ते इतके विरळ असण्याचे कारण नव्हते. उलट जेथे 'फुलर' व 'टकर' दाट आहेत नेमके तेथेच 'वॉकर' विरळ व्हावे, ही गोष्ट ते तीनही शब्द एकाच अर्थाचे प्रतिस्पर्धी होते असे मानल्यानेच उलगडते. दुसरी उपपत्ती स्थलनामाची आहे. न्यूकॅसलजवळ टाइन नदीकाठी वॉकर नावाचे स्थान असून, त्या नावाचा अर्थ 'भिंतीजवळची दलदल' असा आहे. भिंत म्हणजे रोमन सम्राट हेड्रियनची. काही घराण्यांनी ह्या गावावरून नाव घेतले असणे शक्य आहे; पण त्यांची संख्या अल्पच असणार.

स्कॉटलंडमध्ये ह्या आडनावात आणखी एक प्रवाह मिसळला. तेथील गेलिक भाषेत 'मॅक अन ऊकदर', म्हणजे 'कापड तुडविणाऱ्याचा पुत्र', असे कुलनाम होते. इंग्रजीचा प्रसार होऊ लागल्यावर त्याचे भाषांतर काही कुळांनी 'वॉकर' असे केले. येथे उच्चार मुळीच जुळत नाही, केवळ अर्थ जुळतो. आणि म्हणूनच हे भाषांतर ज्यांनी केले त्यांना 'वॉकर' शब्दाचा धंदेवाचक अर्थ पूर्णपणे ठाऊक होता, हे सिद्ध होते. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील बेटांवर स्त्रिया एकत्र बसून, गाणी म्हणत, हातांनी कापड घट्ट करण्याची चाल विसाव्या शतकापर्यंत होती. आयर्लंडमध्ये हे आडनाव मुख्यतः उत्तरेकडील अल्स्टर प्रांतात दिसते. सतराव्या शतकात स्कॉटलंड व उत्तर इंग्लंड येथून तेथे झालेल्या वसाहतीशी त्याचा संबंध आहे.

इंग्लंडबाहेरील प्रसारातही मूळ प्रदेशाची छाप काही काळ दिसते. १६२० मध्ये 'मेफ्लॉवर' जहाजातून अमेरिकेस गेलेल्यांत एडवर्ड व सॅम्युएल हे फुलर बंधू होते आणि ते नॉरफोकचे, म्हणजे 'फुलर' प्रदेशातलेच होते. पुढील स्थलांतरांनी मात्र हा मेळ मोडला. अमेरिकेच्या २००० मधील खानेसुमारीत 'वॉकर' हे आडनाव लावणाऱ्या ५,०१,३०७ व्यक्ती नोंदल्या गेल्या आणि संख्येच्या क्रमाने ते अठ्ठाविसावे ठरले. ह्यांपैकी सुमारे एक तृतीयांश व्यक्ती आफ्रिकी वंशाच्या होत्या. गुलामगिरीच्या काळात व तिच्या अंतानंतर कृष्णवर्णीयांनी घेतलेल्या किंवा त्यांच्यावर लादलेल्या नावांचा हा परिणाम होय. १८२९ मध्ये गुलामगिरीविरुद्ध जळजळीत आवाहन प्रसिद्ध करणारे डेव्हिड वॉकर आणि आधुनिक कादंबरीकार ॲलिस वॉकर ही त्यांतील ख्यातनाम नावे. ह्या कुळांच्या बाबतीत आडनावाची व्युत्पत्ती पूर्वजांच्या धंद्याविषयी काहीच सांगत नाही. ती केवळ शब्दाची व्युत्पत्ती असते, घराण्याची नव्हे.

हाच इशारा इंग्लंडमधील वॉकर कुळांविषयीही लागू आहे. आज इंग्लंड व वेल्समधील अधिकात अधिक प्रचलित अशा पहिल्या पंचवीस आडनावांत 'वॉकर'ची गणना होते; पण ही सर्व कुळे एका पुरुषापासून निघालेली नाहीत. प्रत्येक कापड विणणाऱ्या गावात एक तरी वॉकर असे, आणि त्या प्रत्येकापासून स्वतंत्र कूळ निघू शकले. २००९ मध्ये लेस्टर विद्यापीठातील किंग व जॉब्लिंग ह्यांनी पित्याकडून पुत्राकडे जाणाऱ्या गुणसूत्राच्या आधारे ४० आडनावांचे १,६७८ पुरुष तपासले. विरळ आडनावांचे धारक बहुधा एका पूर्वजाकडे जातात, तर 'स्मिथ'सारख्या विपुल धंदेवाचक आडनावात असे ऐक्य दिसत नाही, असे त्यांना आढळले. 'वॉकर' हे ह्या दुसऱ्या वर्गातले नाव आहे.

सारांश, आडनावाचा अर्थ ठरविताना आजच्या भाषेतील त्या शब्दाच्या अर्थावर विसंबणे धोक्याचे आहे. त्या नावाची सर्वांत जुनी रूपे कोणती, ती कोणत्या प्रदेशात प्रथम आढळतात, आणि त्याच वस्तूसाठी शेजारच्या प्रदेशात कोणता शब्द प्रचारात होता, ह्या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावरच निर्णय द्यावा. ह्यांतील तिसऱ्या प्रश्नाकडे बहुधा दुर्लक्ष होते. 'वॉकर' हे नाव एकटेच पाहिले तर 'चालणारा' हा अर्थ खोडून काढण्यास प्राचीन शब्दार्थसूचींचा आधार शोधावा लागतो. 'फुलर' व 'टकर' शेजारी ठेवून पाहिले तर नकाशाच तो अर्थ खोडून काढतो.