ट्रॅक्टरच्या लोडरची निगा
शेणखत व माती भरण्यास ट्रॅक्टरच्या पुढें जोडलेला लोडर फार उपयोगी पडतो; परंतु तो उचलण्याचें साधन आहे, खणण्याचें नव्हे. घट्ट जमिनींत बकेट वेगानें घुसविल्यास, किंवा तिच्या एकाच कोपऱ्यानें दगड उचकटल्यास, लोडरचे बाहू पिळवटतात. बकेटचें तोंड पूर्ण खालीं करून ती जोरानें मागें ओढल्यास सिलिंडरचे बाहेर आलेले दांडे वाकतात. सबब घट्ट माती आधीं नांगरानें मोकळी करावी. भरलेल्या बकेटचा भार पुढील आसावर पडून मागचीं चाकें हलकीं होतात. म्हणून मागें योग्य वजन जोडावें. बकेट उंच धरून वळल्यास ट्रॅक्टर कलंडण्याचें भय असतें. ती जमिनीलगत ठेवून सावकाश चालावें. ऐन हंगामांतील खोळंबा टाळण्यास एवढी दक्षता शेतकरी बंधूंनीं अवश्य घ्यावी, असें आम्ही आग्रहानें सुचवितों.