कोवळ्या वयात चमकलेले खेळाडू लवकर का मावळतात?



खेळाच्या तासाला पोरं हमखास विचारतात असा एक प्रश्न आज घेऊया. "सर, पृथ्वी शॉ एवढा भारी होता, मग त्याचं काय झालं?" त्याच्या आधीच्या पिढीने हाच प्रश्न विनोद कांबळीबद्दल विचारला होता. आपण मोठी माणसं एका वाक्यात उत्तर देऊन मोकळे होतो, "डोक्यात हवा गेली." उत्तर सोपं आहे, पण अर्धवट आहे. शिवाय हेच वाक्य आपण दहावीत ९५ टक्के मिळवून अकरावीत घसरलेल्या मुलालाही ऐकवतो. म्हणून हा विषय जरा नीट उलगडून बघू.

आधी आकडे पाहू

विनोद कांबळी. फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस शील्डच्या सामन्यात शारदाश्रमकडून सचिन तेंडुलकर आणि त्याने ६६४ धावांची अखंड भागीदारी केली. त्यात विनोदच्या ३४९ आणि सचिनच्या ३२६. १९९३ मध्ये कसोटी पदार्पण. त्याच वर्षी वानखेडेवर इंग्लंडविरुद्ध २२४, पुढच्याच कसोटीत दिल्लीला झिंबाब्वेविरुद्ध २२७, मग श्रीलंकेत १२५ आणि १२०. कसोटीतल्या हजार धावा त्याने अवघ्या १४ डावांत पूर्ण केल्या. त्यानंतर तो ७ कसोटी डाव खेळला आणि त्यांत शंभर धावाही झाल्या नाहीत. नोव्हेंबर १९९५ मध्ये शेवटची कसोटी खेळला तेव्हा वय २३, आणि सरासरी तरीही ५४.२०!

पृथ्वी शॉ. नोव्हेंबर २०१३, पुन्हा हॅरिस शील्ड. चौदा वर्षांच्या विरारच्या या मुलाने एका डावात ५४६ धावा काढल्या. २०१८ मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली भारताने १९ वर्षांखालील विश्वचषक जिंकला. त्याच वर्षी राजकोटला वेस्ट इंडिजविरुद्ध पदार्पणात १३४ धावा. पदार्पणात शतक करणारा तो सर्वांत लहान भारतीय ठरला. डिसेंबर २०२० मध्ये ॲडलेडला तो ० आणि ४ वर बाद झाला. त्यानंतरची पाच वर्षं एकही कसोटी खेळायला मिळाली नाही. नोव्हेंबर २०२४ च्या आयपीएल लिलावात ७५ लाखांच्या मूळ किमतीलाही कोणी बोली लावली नाही. तेव्हा वय २५.

आता कारणं पाहू.

कारण पहिलं : सगळीच घसरण ही घसरण नसते

हे समजायला वर्गात एक प्रयोग करा. खर्च शून्य. तीस मुलांना प्रत्येकी दहा वेळा नाणं उडवायला सांगा. ज्यांना सात किंवा जास्त छाप मिळतील त्यांना पुढे बोलवा. साधारण पाचेक मुलं येतील. त्यांच्यासाठी टाळ्या वाजवा. आता फक्त त्यांनाच पुन्हा दहा-दहा वेळा नाणं उडवू द्या. बहुतेकांचे छाप पाचच्या आसपास येतील. मग गंभीर चेहरा करून म्हणा, "काय रे, पहिल्यांदा चमकलात आणि आता मेहनत सोडलीत!" पोरं हसतील, कारण नाण्यात मेहनत नसते हे त्यांना कळतं.

गणितात याला सरासरीकडे परतणं म्हणतात. अर्थात क्रिकेट म्हणजे नाणं नव्हे. त्यात कौशल्य आहेच. पण कोणत्याही थक्क करणाऱ्या कामगिरीत कौशल्याबरोबर थोडा योग असतो. झेल सुटलेला असतो, खेळपट्टी साथ देते, गोलंदाज नवखे असतात. आपण नेमकं त्या शिखरावर असताना मुलाला "तारा" ठरवतो. शिखरावरून पुढचं पाऊल बहुधा खालीच पडणार.

कारण दुसरं : समोरचाही शिकतो

हे सर्वांत मोठं कारण, आणि आपण सर्वांत कमी बोलतो तेही याच्याबद्दल.

नवा खेळाडू येतो तेव्हा त्याची ताकद दिसते, कमजोरी कोणाला ठाऊक नसते. वर्षभरात सगळे संघ त्याचे डाव पुन्हा पुन्हा बघतात आणि फट शोधतात. कांबळीची चारही कसोटी शतकं भारतात आणि श्रीलंकेत झाली. १९९४ च्या अखेरीस वेस्ट इंडिजचा संघ इथे आला. वॉल्श आणि बेंजामिन यांच्या अंगावर येणाऱ्या आखूड टप्प्याच्या चेंडूंनी त्याला सतावलं. आदल्या वर्षी जो फिरकीला पुढे येऊन सहज फटकावत होता, त्याला आता वेगळाच पेपर समोर आला.

ॲडलेडचा किस्सा तर पाठात वापरावा असा आहे. पृथ्वीच्या बॅट आणि पॅडमध्ये फट राहते, आत येणारा चेंडू त्याला अडचणीत आणतो, हे समालोचन करणाऱ्या रिकी पाँटिंगने चेंडू पडण्याआधीच सांगितलं होतं. पाँटिंग तेव्हा आयपीएलमध्ये त्याचाच प्रशिक्षक होता. लगेच स्टार्कचा चेंडू तिथूनच आत शिरला आणि त्रिफळा उडाला. दुसऱ्या डावात कमिन्सनेही त्याचा त्रिफळाच उडवला. म्हणजे खेळाडू दोन वर्षांपूर्वीचाच होता. बदललं ते इतकंच की त्याचं कुलूप कसं उघडायचं हे आता सर्वांना माहीत झालं होतं.

अमेरिकेतही हेच दिसतं. तिथल्या फुटबॉलचं आपल्या फुटबॉलशी नावापलीकडे फारसं साम्य नाही. त्यात क्वार्टरबॅक हा संघाचा सूत्रधार असतो. चेंडू हातात आला की दोन-तीन सेकंदांत कोणाकडे फेकायचा हे त्याने ठरवायचं. पहिल्या वर्षी गाजलेले तरुण क्वार्टरबॅक दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी अडखळतात, कारण एव्हाना त्यांच्या खेळाच्या चित्रफिती प्रतिस्पर्ध्यांनी पाठ केलेल्या असतात. त्यातच तिथला नियम असा, की आदल्या वर्षी तळाला राहिलेल्या संघाला नव्या खेळाडूंतून पहिली निवड करायला मिळते. म्हणजे सर्वांत होतकरू मुलगा बऱ्याचदा सर्वांत कमकुवत संघात जातो आणि सगळा भार एकट्याच्या खांद्यावर घेतो.

कारण तिसरं : सोप्या पातळीवरची युक्ती

आपल्याकडचं उदाहरण घ्या. अलोरे असो की चिपळूण, सुगी आटोपली की गावोगाव टेनिस बॉलच्या स्पर्धा सुरू होतात. त्यात एखादा पोरगा आडव्या बॅटने चेंडू थेट कुंपणाबाहेर, काजूच्या झाडांत टाकतो. गावात त्याचं नाव होतं. तोच पोरगा पुढे सीझन बॉलच्या निवड चाचणीला जातो. चेंडू जड, कडक, हवेत वळणारा. अंगावर आला तर लागतो. आडवी बॅट तिथे चालत नाही. पण ज्या फटक्याने चार वर्षं बक्षिसं मिळवून दिली, तो सोडायला हात तयार होत नाही.

लवकर मिळालेलं यश असं सवयीला घट्ट बांधून ठेवतं. वर्गातही बघा. पाठांतराच्या जोरावर दहावीपर्यंत पहिला येणारा मुलगा अकरावीच्या भौतिकशास्त्रात गडबडतो. बुद्धी तीच असते, मेहनतही तीच असते. पण तिथे सूत्र आठवून भागत नाही, ते कुठे लावायचं हे ओळखावं लागतं. आणि आजवर न अडल्यामुळे, अडल्यावर काय करायचं हे त्याला कोणी शिकवलेलंच नसतं.

कारण चौथं : मोठ्यांची घाई

रॉबर्ट ग्रिफिन हा २०१२ मध्ये वॉशिंग्टनच्या संघात आलेला क्वार्टरबॅक. पहिल्याच वर्षी नवोदितांचा मोठा पुरस्कार मिळाला. जानेवारी २०१३ च्या बाद फेरीच्या सामन्यात तो दुखऱ्या गुडघ्याने खेळत राहिला आणि गुडघा गेला. शस्त्रक्रियेनंतर तो परतला, पण पहिल्या वर्षीचा ग्रिफिन पुन्हा दिसला नाही. त्याला बाहेर बसवणं हे मोठ्यांचं काम होतं.

आपण गुडघे मोडत नाही, पण चौथीतल्या पोरीचा फ्लेक्स चौकात लावतो. मग तिला नापास होणं सोडा, दुसरा नंबर आणणंही परवडत नाही. चूक झाली की ती लपवते. आणि लपवलेली चूक दुरुस्त होत नाही.

मैदानाबाहेरच्या वागण्याचा, शिस्तीचा वाटा असतो का? असतो. पृथ्वीला २०२४ मध्ये मुंबईच्या रणजी संघातून वगळलं तेव्हा तंदुरुस्तीची चर्चा झालीच. पण शिस्त बिघडणं हे कधी कारण असतं, तर कधी अपयश सहन न झाल्याचा परिणामही असतो. हे न तपासता शिक्का मारू नये.

मग टिकतात ते कसे?

रोहित शर्मा २००७ मध्ये भारताकडून खेळायला लागला. प्रतिभा सर्वांना मान्य, पण धावांत सातत्य नव्हतं. २०११ च्या विश्वचषक संघात त्याला घेतलं नाही. २०१३ मध्ये त्याला सलामीला पाठवलं आणि त्याच वर्षी त्याने एकदिवसीय सामन्यात द्विशतक ठोकलं. खेळाडू तोच, जागा बदलली. आणि मधली सहा वर्षं त्याला कोणीतरी संधी देत राहिलं, हेही विसरू नका.

जानेवारी २००४ मध्ये सिडनीला सचिनने नाबाद २४१ धावा केल्या. त्या दौऱ्यात ऑफ स्टंपबाहेरच्या चेंडूंवर तो बाद होत होता, म्हणून या डावात त्याने आपला लाडका कव्हर ड्राइव्ह बाजूलाच ठेवला. तिशीतला जगप्रसिद्ध फलंदाज स्वतःचा सर्वांत सुंदर फटका कपाटात ठेवून मैदानात उतरतो, ही गोष्ट मुलांना जरूर सांगा.

आणि अमोल मुजुमदार. ६६४ च्या त्या भागीदारीत पॅड बांधून आपल्या पाळीची वाट बघत बसलेला मुलगा. रणजी पदार्पणात २६० धावा, पुढे प्रथम श्रेणीत अकरा हजारांहून जास्त. भारताकडून मात्र एकही सामना खेळायला मिळाला नाही. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला तेव्हा प्रशिक्षक तोच होता. पंचविशीत "संपला" म्हणून कोणाच्या नावावर रेघ मारायची घाई करू नये, ती यासाठी.

आपण काय करायचं?

१. कौतुक करताना गुणांबरोबर रीतही विचारा. "हे गणित कसं सोडवलंस? दुसरी रीत आहे का?"

२. जे मूल कधीच अडत नाही, त्याला मुद्दाम जरा अवघड काम द्या. अडण्याची सवय शाळेतच, सुरक्षित जागी लागू द्या.

३. पडत्या काळात "तुला काय झालंय?" विचारण्याऐवजी "आता नवीन काय आलंय, जे आधी नव्हतं?" असं विचारा. पहिल्या प्रश्नाने मूल मान खाली घालतं, दुसऱ्याने विचार करायला लागतं.

४. एका परीक्षेवरून, एका डावावरून निष्कर्ष काढू नका. चढतीचाही नको आणि उतरतीचाही नको.

५. नाण्याचा प्रयोग पालकसभेतही करून बघा. निकालाच्या आधी केलात तर जास्त उपयोग होईल.

अकरावीच्या पहिल्या घटक चाचणीत ४० गुण घेऊन घरी आलेला मुलगा दारातच तुमचा चेहरा वाचतो. त्या क्षणी त्याच्या हातातली उत्तरपत्रिका घ्या, शेजारी बसा आणि पहिला चुकलेला प्रश्न दोघांनी मिळून वाचा.