जुन्या कानशीपासून कलमाचा चाकू

मृगाचा पाऊस सुरू झाला की कोकणात आंब्याच्या कोय कलमांची घाई उडते. रुजून दहा-पंधरा दिवस झालेल्या कोवळ्या, तांबूस पानांच्या रोपावर कलमकाडी बसवावयाची असते. काडीची पाचर आणि रोपास दिलेली चीर या दोहोंमध्ये फट राहता कामा नये. सालीखालील वाढीचे थर एकमेकांस भिडले तरच कलम जगते. बोथट सुरीने काप चिरडला जातो, त्यावर चढउतार राहतात व काडी थोड्याच दिवसांत काळी पडून वाळते. अशा वेळी दोष काडीला किंवा पावसाला दिला जातो. पुष्कळदा तो हत्याराचा असतो. नवशिक्याचा हात चांगला चाकू विकत घेण्यास आखडतो आणि तो स्वयंपाकघरातील सुरीवर भागवितो. अशांना गावातच चाकू तयार करता येईल, कारण त्यास लागणारे पोलाद सुताराकडे किंवा लोहाराकडे झिजून पडलेले असते.

ते पोलाद म्हणजे जुनी कानस. लोखंडास कडकपणा येतो तो त्यातील कर्बामुळे. साध्या पट्टीत किंवा सळईत कर्ब शेकडा पाव भागाहूनही कमी असतो. तिला कितीही तापवून विझविले तरी धार टिकत नाही. मोटारीच्या कमानीच्या पाट्यात तो शेकडा अर्ध्या भागाच्या आसपास असतो. कोयत्यास व विळ्यास तो उत्तम. चांगल्या कानशीत मात्र शेकडा एक भाग किंवा त्याहून अधिक कर्ब असतो. काही हलक्या कानशी केवळ वरच्या थरापुरत्याच कडक असतात, म्हणून आधी परीक्षा करावी. कानशीचे टोक जाड फडक्यात गुंडाळून पकडीत धरावे व हातोडीने ठोकावे. न वाकता ते काचेप्रमाणे तुटले व आत बारीक करडा कण दिसला, तर कानस उपयोगी समजावी.

कानस प्रथम मऊ केली पाहिजे. भात्यावर ती लाल करावी आणि कोरड्या राखेच्या ढिगात पुरून दुसऱ्या दिवसापर्यंत तशीच ठेवावी. मग ती करवतीने कापता येते व दुसऱ्या कानशीने घासता येते. पाते सहा-सात सेंटिमीटर लांब व पाठीशी सुमारे दोन मिलिमीटर जाड पुरे. जुने दाते पूर्णपणे घासून काढावेत. एखादी खाच राहिली तर कडक करताना तेथूनच तडा जातो. मुठीच्या खिळ्यांची भोके याच वेळी पाडावीत, मागाहून ती पडत नाहीत.

कलमाच्या चाकूची धार एकाच बाजूने उतरती असते. दुसरी बाजू अगदी सपाट ठेवतात, म्हणजे काप सरळ येतो. कोणती बाजू सपाट ठेवावी हे हातावर अवलंबून आहे. नेहमीच्या पद्धतीने एक काडी छिलून पाहावी व पात्याची जी बाजू काडीच्या कापाला टेकते तिच्यावर खूण करावी. डावखुऱ्याची खूण उलट बाजूस येईल. धारेच्या कडेची जाडी अजून मिलिमीटरभर राहू द्यावी.

यानंतरचे काम निर्णायक आहे. यास लोक 'पाणी देणे' म्हणतात. तथापि इतक्या पातळ व एका बाजूने उतरत्या पात्यास पाणी बहुधा तडे पाडते, म्हणून तेल वापरावे. घरातील वापरलेले गोडेतेल लोखंडी डब्यात हाताला चांगले गरम लागेल इतके तापवावे. मोटारीचे जळके तेल टाळावे, त्याचा धूर घातक असतो. डब्याचे झाकण व वाळू जवळ असावी. पेटलेल्या तेलावर पाणी टाकू नये. काम सावलीत किंवा तिन्हीसांजेस करावे, कारण उन्हात पोलादाचा रंग कळत नाही. पाते तापत असताना त्यास लोहचुंबक लावून पाहावा. सुमारे ७७० अंश सेल्सिअसला पोलाद चुंबकास चिकटेनासे होते. त्यापुढे किंचित तापवून पाते टोकाकडून सरळ तेलात बुडवावे व खालीवर हलवावे, आडवे फिरवू नये. पांढुरके होईपर्यंत तापविल्यास पोलादाचा कण जाड होतो व ते पाते कामातून जाते. कानस पात्यावरून न चावता घसरू लागली की पाते कडक झाले.

या स्थितीत पाते दगडी फरशीवर पडले तरी तुटते, म्हणून लगेच त्याचा ठिसूळपणा उतरवावा. एक बाजू विटेच्या भुकटीने चकचकीत करावी व पाते पाठीकडून तापलेल्या जाड लोखंडावर टेकवावे. प्रथम फिकट पिवळा, मग गडद गव्हाळ, नंतर तपकिरी, जांभळा व निळा असे रंग पाठीकडून धारेकडे सरकतात. धार गडद गव्हाळ होताच, म्हणजे सुमारे २३० अंशांवर, पाते पाण्यात टाकावे. धार निळी झाली तर कडक करण्याचे काम पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. गावच्या लोहाराची नजर येथे कोणत्याही लिखित सूचनेहून भरवशाची असते. ग्रामसेवकांनी पहिले एकदोन चाकू त्याच्याच भात्यावर करवून घ्यावेत व त्याच्या श्रमाचा मोबदला द्यावा.

मुठीस शिसवीच्या किंवा बाभळीच्या दोन फळ्या खिळ्यांनी जखडाव्यात व जवसाचे तेल पाजावे. धार दगडावर उतरत्या बाजूनेच काढावी. सपाट बाजू केवळ पलीकडे वळलेला कंगोरा निघण्यापुरती दगडावर चपटी फिरवावी. सहाणेचे चाक वापरल्यास पाते बोटांस ऊन लागताच पाण्यात बुडवावे, नाहीतर दिलेले पाणी उतरते. शेवटी न्हावी वस्तऱ्यास करतो त्याप्रमाणे चामड्यावर पाठ पुढे ठेवून पाते ओढावे. हे पोलाद गंजते. दिवसाचे काम संपल्यावर चीक पुसून, पाते कोरडे करून त्यास तेलाचा हात द्यावा. रोप बदलताना पाते स्पिरिटने पुसल्यास एका रोपाचा रोग दुसऱ्यावर जाण्याची भीती कमी होते.