दोघांनी जायचं

मदत करायला माणसं तयार असतात. घोडं अडतं ते मदत पोचवण्याच्या रीतीपाशी. वसईच्या धर्मग्रामांतून संत विन्सेंट डी पॉल सोसायटीचे सभासद गरजू घरांना भेटी देतात. ते काम जवळून पाहिलं की आधी डोळ्यांत भरते ती ही रीत. बैठकीत प्रार्थना होते, मागच्या भेटींचा आढावा होतो. मग एक पिशवी फिरते. प्रत्येकाची मिटलेली मूठ आत जाते आणि रिकामी बाहेर येते. कोणी किती टाकलं हे शेजारी बसलेल्यालाही कळत नाही, आणि ज्याच्याकडे टाकायला काहीच नव्हतं त्याची लाजही झाकली जाते. त्यानंतर घरं वाटून घेतली जातात. एका घराला दोन नावं. एकट्याने जायचं नाही, दोघांनी जायचं. हा नियम सभासद पुन्हा पुन्हा सांगतात, कारण कामाचं मर्म त्यातच आहे. एकटा माणूस दार वाजवतो तेव्हा दाता आल्यासारखं वाटतं. दोघे आले की ख्रिस्तसभा भेटायला आली असं वाटतं. शिवाय एकाचं मन कळवळून वाहवलं, तर दुसऱ्याचं भान जाग्यावर असतं.

घरात गेल्यावर काय होतं? खाटेवर आजी, बंद खिडकी, खोलीत कोंडलेला बामाचा वास. दोघांपैकी एक जण स्टुलावर बसून नातवंडांची चौकशी करतो. दुसरी बाई उशाजवळची गोळ्यांची पाकिटं हातात घेऊन उरलेल्या गोळ्या मोजते. ‘औषध घेता ना?’ असं विचारलं तर सगळेच हो म्हणतात. पाकीट मात्र खरं ते सांगतं. रोजची गोळी एक दिवसाआड घेतली जात असेल, तर पैसे संपलेत आणि मागायचा संकोच आहे हे न बोलता समजतं. ज्याला मान आहे तो माणूस हात पसरत नाही. म्हणून मागायची वेळ येण्याआधी पोचणं हीच खरी मदत, आणि ते साधायचं तर दर खेपेला, उत्साह असो नसो, त्या घरी जाऊन बसावंच लागतं. भावनेच्या भरात एखादा दिवस जाता येतं; वर्षानुवर्षं जायला नेम लागतो.

यावर कोणी म्हणेल, आता बँका आहेत, विमा आहे, सरकारी योजना आहेत. या भेटींची गरज काय? वसईलाच हे विचारायला हवं. 1918 साली धर्मगुरू पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने इथे बॅसीन कॅथॉलिक सहकारी संस्था उभी राहिली, तीच पुढे मोठी बँक झाली. शेतकऱ्याला सावकाराच्या दारात उभं राहावं लागू नये, ही परस्पर आधाराचीच तळमळ होती. पण बँकेला अर्ज लागतो, योजनेला कागद लागतात. अर्ज भरायचं बळच ज्याच्यात उरलेलं नाही, त्याच्यापर्यंत माणूसच पोचावा लागतो. 1833 साली पॅरिसमध्ये विशीतल्या फ्रेडरिक ओझानामने मित्रांसह ही सोसायटी सुरू केली, तीही अशाच एका टोचणीतून. चर्चने पूर्वी पुष्कळ केलं, आज तुम्ही काय करता, असा सवाल त्यांना एका चर्चेत टाकण्यात आला होता. त्याला उत्तर म्हणून ते वादविवाद सोडून गरिबांच्या घरी जाऊ लागले.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: असा आधार आपल्याच माणसांपुरता राहतो. हा धोका खरा आहे, आणि बायबलनेही तो लपवलेला नाही. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात यरुशलेमच्या मंडळीतली कुरबुर नोंदलेली आहे. रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होत होतं. सगळं सामाईक म्हणवणाऱ्या मंडळीतही भाषेची भिंत होती. त्यावरचा उपाय विलक्षण होता. वाटपाची जबाबदारी सात जणांवर सोपवली गेली आणि त्या सातही जणांची नावं ग्रीक आहेत. ज्यांचा विसर पडला होता, त्यांच्याच बाजूच्या माणसांच्या हाती कारभार देण्याइतका मोठेपणा त्या मंडळीने दाखवला.

आजच्या वसईला हा दाखला थेट लागू पडतो. जुन्या आळ्यांत कोण आजारी, कोणाचं कर्ज थकलं, हे न सांगता कळतं. नव्या इमारतींत केरळहून, तमिळनाडूहून, मुंबईहून आलेली ख्रिस्ती कुटुंबं राहतात. मराठी मिस्सेत ती फारशी दिसत नाहीत आणि त्यांचं दुखणं आळीत पोचत नाही. त्यांच्याकडेही दोघांनी जायचं, आणि त्या दोघांतला एक त्यांच्यातलाच असायला हवा. कालपर्यंत जिच्या घरी भेट दिली जात होती, त्या बाईलाही बरं वाटू लागल्यावर दुसऱ्या घरी न्यायला हवं. नेहमी घेणारा आणि नेहमी देणारा अशी विभागणी पडली की मंडळीत मालक आणि आश्रित तयार होतात. आधार तेव्हाच परस्परांचा होतो, जेव्हा घेणाऱ्याच्या हातालाही देण्याचं काम मिळतं.