दप्तरखान्यावरील आपत्ती : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

रायपूरला लागून असलेल्या उरला औद्योगिक वसाहतीतील कोणत्याही मोठ्या कारखान्याच्या फाटकातून आत पाऊल टाकले, की वाळूने भरलेल्या तांबड्या बादल्या, आग विझविण्याची नळकांडी आणि संकटसमयी कोठे जमावयाचे हे सांगणारा फलक दृष्टीस पडल्यावाचून राहत नाही. कारण धोकादायक कारखान्याने आपत्कालीन आराखडा तयार ठेवला पाहिजे, असे कायद्याचे बंधनच आहे. परंतु त्याच कारखान्याचे जुने दप्तर, म्हणजे कित्येक वर्षांची हजेरीपत्रके, यंत्रांचे नकाशे आणि मजुरांच्या निर्वाहनिधीच्या नोंदी, ज्या खोलीत कोंबलेले असते, तिच्या छताखालून पाण्याचा नळ गेला आहे किंवा काय, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. ग्रंथालये, संग्रहालये आणि घरोघरीच्या कागदपत्रांच्या पेट्या यांचीही बहुधा हीच अवस्था आहे. या अनास्थेचे मूळ आळसापेक्षा काही दृढमूल समजुतींत अधिक आहे असे माझे मत असून, त्या समजुती एकेक करून तपासणे मला अगत्याचे वाटते.

पहिली समजूत अशी, की संग्रहाचा खरा शत्रू अग्नी. आग भयंकर खरीच. पण दप्तरखान्यात नित्याने शिरते ते पाणी : गळके छत, तुंबलेली पन्हळ, फुटलेला नळ, पावसाळ्यात उलटे वाहू लागलेले गटार. शिवाय आग लागली, की तिच्या पाठोपाठ बंबाचे पाणी येतेच. 1988 च्या फेब्रुवारीत लेनिनग्राड येथील विज्ञान अकादमीच्या ग्रंथालयास आग लागली, तेव्हा सुमारे 4 लाख ग्रंथ जळाले, आणि पाण्याने भिजलेल्यांची संख्या त्याच्या कितीतरी पट भरली. म्हणून ज्याने आगीचा बंदोबस्त केला पण भिजलेल्या पुस्तकांचे काय करावयाचे याचा विचार केला नाही, त्याने अर्धीच तजवीज केली असे म्हटले पाहिजे.

दुसरी समजूत सर्वांत घातक आहे, कारण ती सद्‌हेतूने आचरणात आणली जाते : भिजलेली वस्तू ताबडतोब उन्हात वाळत घालावी. ही समजूत किती महाग पडते याचा पुरावा रायपुरातच, महंत घासीदास स्मारक संग्रहालयात आहे. 1875 साली स्थापन झालेल्या या संग्रहालयाच्या आजच्या वास्तूचे उद्घाटन 1953 साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. तेथे किरारी गावचा काष्ठस्तंभ ठेवलेला आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला म्हणून ओळखला जाणारा हा कोरीव लेखाचा लाकडी खांब शतकानुशतके हिराबंध तलावाच्या गाळात बुडून राहिला होता. 1921 च्या उन्हाळ्यात तलाव आटला असता गावकऱ्यांना तो सापडला. त्यांनी तो बाहेर काढला, आणि छत्तीसगडच्या त्या प्रखर उन्हात लाकडाचा वरचा पापुद्रा सुटून त्याबरोबर अक्षरेही गळून पडू लागली. जे लाकूड पाण्यात सतराशे-अठराशे वर्षे टिकले, ते उन्हात अल्पावधीत विद्रूप झाले. सुदैवाने गावचे पंडित लक्ष्मीप्रसाद उपाध्याय यांनी दिसतील तितकी अक्षरे जशीच्या तशी कागदावर उतरून घेतली होती. त्या लेखातील बहुतांश मजकूर आज आपणांस माहीत आहे तो या एका नकलेमुळे.

कागदाचीही तीच गोष्ट. उन्हाने किंवा उष्ण वाऱ्याने पान बाहेरून झपाट्याने आखडते, पुठ्ठा वाकतो, सरस तडकतो. आणि झिलई असलेल्या आर्टपेपरची पुस्तके भिजून तशीच वाळली तर पाने एकमेकांस अशी चिकटतात, की ग्रंथाची वीटच होते. मोडी कागदांची शाई बहुधा काजळी व डिंक यांची असल्यामुळे काळाने ती फिकी पडत नाही हे खरे, पण डिंक पाण्यात विरघळतो, तेव्हा भिजलेल्या अक्षरावरून बोट फिरविणे म्हणजे ते अक्षर पुसणेच होय. 1758 साली बिंबाजी भोसले रतनपुरास आले तेव्हापासून या प्रदेशाचा कारभार मोडीत चालू लागला, आणि येथील ज्या मराठी घराण्यांत असे कागद तांबड्या कापडाच्या रुमालांत बांधून ठेवलेले असतील, त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे, की ओले झालेले कच्च्या रंगाचे तांबडे कापड कागदावर उतरते. असा रुमाल प्रथम अलगद सोडवावा. आतील गठ्ठा मात्र उलगडू नये.

मग करावे काय? येथे घड्याळाचा हिशेब येतो. उष्ण आणि दमट हवेत भिजलेल्या कागदावर साधारणतः 48 तासांत बुरशी धरू लागते, म्हणून जे काही करावयाचे ते पहिल्या दोन दिवसांत. नुसत्या ओलसर झालेल्या वस्तू सावलीत, पंख्याचा झोत थेट अंगावर न घेता, पानांच्या मध्ये टीपकागद घालून आणि तो वरचेवर बदलून सुकवाव्यात. चिंब भिजलेली पुस्तके उघडू नयेत, पिळू नयेत, दाबू नयेत. ती कणा खाली करून क्रेटमध्ये सैल भरावीत, आणि संख्या हाताबाहेरची असेल तर गोठवावीत. गोठल्याने कागद दुरुस्त होत नाही, पण बुरशी व शाईचे पसरणे थांबते आणि विचार करावयास अवधी मिळतो. पुढे निर्वात यंत्रात बर्फाची थेट वाफ करून ती सुकविता येतात. मात्र बटाट्याचे शीतगृह या कामाचे नव्हे. मासळी अथवा आइस्क्रीम ठेवण्याचे, उणे 18 अंशांखालचे गोठणगृह हवे, आणि त्याच्या मालकाशी बोलणे पूर आल्यावर नव्हे तर आधीच झालेले असावे. काचेवरची जुनी छायाचित्रे मात्र कदापि गोठवू नयेत.

मोठ्या शहराबाहेरील संस्थेला हे कसे झेपणार, ही शंका मी नेहमी ऐकतो. चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर 1864 सालचे. 26 जुलै 2005 च्या महापुरात त्याचा ग्रंथसंग्रह पाण्याखाली गेला. संस्था पुन्हा उभी राहिली, 2013 च्या जानेवारीत तिने 86 वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरविले, आणि 22 जुलै 2021 रोजी पुराने तिला पुन्हा गाठले. एकदा आलेली आपत्ती परत येत नाही, ही आणखी एक समजूत त्या दिवशी खोटी ठरली. आपत्तीनंतर उभे राहणे हे माणसांच्या निष्ठेवर अवलंबून असते, आणि ती निष्ठा लहान गावांत कमी नसते. कमी असते ती आधी लिहून ठेवलेली यादी.

स्प्रिंकलरविषयीची भीतीही निराधार आहे. धूर दिसताच छतावरील सर्व तोट्या एकदम सुटून ग्रंथालय जलमय होते, असे चित्रपटांमुळे लोकांस वाटते. वास्तविक प्रत्येक तोटी उष्णतेने स्वतंत्रपणे फुटते, आणि बहुतेक आगी दोन-चार तोट्यांतच आटोक्यात येतात. तिचे पाणी बंबाच्या नळीच्या मानाने फारच थोडे.

उरलासारख्या औद्योगिक ठिकाणी काजळीचा विचार अधिक करावा लागतो. 5 एप्रिल 2024 रोजी रायपूरच्या गुढियारी भागातील वीज वितरण कंपनीच्या भांडारात रोहित्रांना आग लागली, तेव्हा काळ्या धुराचे लोट लांबवर दिसत होते. असा धूर बंद कपाटातही शिरतो, आणि दुसऱ्या दिवशी कोणीतरी ओले फडके घेऊन पुस्तके पुसावयास लागतो. काजळी तेलकट असते; ओल्या फडक्याने ती कागदाच्या तंतूंत कायमची बसते. ती कोरडीच, मऊ ब्रशने हलक्या ओढीच्या व्हॅक्यूमकडे लोटीत काढावी.

राहिली ती संगणकावरील नकलेची समजूत. नक्कल आवश्यकच आहे, हे किरारीच्या स्तंभाने शिकविले. पण कागदाची जात, शिक्का, दुरुस्तीची खूण हे सारे मूळ वस्तूतच राहते, आणि नकलेची तबकडी त्याच कपाटात ठेवली असेल तर मूळ व नक्कल एकाच रात्री नाहीशी होतात. एक प्रत दुसऱ्या गावी असावी.

त्या स्तंभावर सेनापती, प्रतिहार, गणक इत्यादी अधिकाऱ्यांच्या पदनामांत भांडागारिकाचेही नाव आहे. आजच्या भांडागारिकाकडून माझी मागणी अल्प आहे : इमारत रिकामी झाली, वीज तोडली गेली आणि बंबवाल्यांनी आत जाण्यास मुभा दिली, की प्रथम कोणत्या दहा वस्तू बाहेर काढावयाच्या, त्या कोणत्या खोलीत व कोणत्या फळीवर आहेत, आणि कोणास दूरध्वनी करावयाचा, हे एका कागदावर लिहून त्याची एक प्रत त्याने आपल्या घरी ठेवावी. पाऊस येथे जूनच्या मध्यास येतो. त्यापूर्वी सर्वांत खालची फळी जमिनीपासून निदान सहा इंच वर उचलून घ्यावी.