शेजार कुठवर?

परवा इफ्तारला काही विद्यार्थी घरी आले होते. खजुराची ताटली फिरत असताना बोलणे युक्रेनवर आले. २३ ऑगस्ट २०२४ रोजी भारताने कीव्हमध्ये चार ‘भीष्म’ संच भेट दिले. हा पेट्यांत मावणारा फिरता दवाखाना. एका संचात सुमारे दोनशे रुग्णांच्या उपचाराचे साहित्य आणि लहान शस्त्रक्रियांची सोय असते.

एक मुलगा पटकन म्हणाला, “सर, आमका रातीचो पेशंट गोव्याक नेवक गाडी गावणा नाय, आणि आपण तितक्या लांब दवाखाने धाडतो?”

प्रश्न खोटा नव्हता. बांबोळीची ती रात्रीची वाट आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. इस्लामही दान देताना आधी नातलग आणि शेजारी पाहायला सांगतो, शेजारी कोणत्याही धर्माचा असो. पण जकातीच्या आठ हक्कदारांत घरापासून दूर अडकलेला वाटसरूही आहे. म्हणजे हिशेब शेजारी सुरू होतो, तिथेच संपत नाही.

मग मी त्यांना सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची गोष्ट सांगितली. जपानने चीनवर आक्रमण केले, तेव्हा आपण स्वतः पारतंत्र्यात होतो. तरीही सुभाषबाबूंच्या आवाहनावरून जुलै १९३८ मध्ये देशभर बावीस हजार रुपये जमले. रुग्णवाहिका आणि पाच डॉक्टर पाठवायचे ठरले. नागपूरचे डॉ. चोळकरही त्यांत होते. सप्टेंबरात मुंबईहून ते बोटीने निघाले. चीनमध्ये असतानाच कोटणीसांना वडील गेल्याची बातमी कळली. ते परतले नाहीत. पुढे ते तिथल्या बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले. ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच वारले. चौघे परत आले, एक आला नाही. ती कहाणी लिहिली ख्वाजा अहमद अब्बास यांनी आणि १९४६ मध्ये पडद्यावर आणली व्ही. शांताराम यांनी.

गाडी, औषधे, पैसा पाठवता येतो. पण त्यांच्यासोबत कुणीतरी जावे लागते, हे मला त्या गोष्टीतून उमगते.

ईदपूर्वी यंदाच्या सदक्याचे दोन वाटे करायचे ठरवले : एक युद्धातल्या जखमींच्या औषधांसाठी, दुसरा आपल्या वाडीतल्या रुग्णांच्या रात्रीच्या गाडीसाठी. मुलांनीही आपापली भर टाकली. निघताना तोच मुलगा दारात थांबला. म्हणाला, “सर, लायसन आसा माझ्याकडे. रातीची गाडी मी चलवीन.”