लाईट चालू असताना द्राक्षबियांची गोळी

नाशिकमध्ये कुणाचे 'लाईट' सुरू झाले, म्हणजे किरणोपचार लागले, की भेटायला येणारा एखादा पाहुणा द्राक्षबियांच्या अर्काची बाटली हातात ठेवतो. "किरणांनी पेशी जळतात. ही गोळी त्यांना वाचवते." बाटली मायेने आणलेली असते, म्हणूनच त्याविषयी स्पष्ट बोलायला हवं.

किरण पेशी जाळत नाहीत. पेशीत बहुतांश पाणी असतं. क्ष-किरण त्या पाण्याचे रेणू फोडतात आणि हायड्रॉक्सिल नावाचा मुक्त मूलक तयार होतो. तो सेकंदाच्या अब्जांशाइतकाच टिकतो, पण तेवढ्यात शेजारचा डीएनए तोडतो. क्ष-किरणांमुळे डीएनएचं होणारं साधारण दोन तृतीयांश नुकसान याच वाटेने होतं. लासलगावच्या विकिरण केंद्रात गॅमा किरण दिलेल्या कांद्याला कोंब फुटत नाहीत, तेही कोंबातल्या पेशींचा डीएनए असाच तुटल्यामुळे. (तो कांदा किरणोत्सारी होत नाही, बिनधास्त खावा.) गाठीतल्या पेशीही अशाच मरतात. मूलकांच्या ज्या माऱ्याला आपण ऑक्सिडेटिव्ह ताण म्हणून घाबरतो, तोच इथे बराचसा उपचार असतो.

"पण गोळी नैसर्गिक आहे, चांगल्याच पेशी वाचवेल." पण असे मूलक शमवणाऱ्या या गोळीला चांगली पेशी कुठली, गाठीतली कुठली, हे कळत नाही. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये डोकं-मानेच्या कर्करोगाच्या 540 रुग्णांवर चाचणी झाली. काहींना असंच मूलक शमवणारं ई जीवनसत्त्व, सुरुवातीला बीटा-कॅरोटिनही दिलं. 2005 मध्ये निष्कर्ष आले: उपचारांचा तीव्र त्रास कमी झाला, पण गोळ्या चालू असताना नवा कर्करोग होण्याचं प्रमाण वाढलं आणि मूळ गाठ उलटण्याकडेही कल दिसला. तंबाखूने तोंडाचे कर्करोग होणाऱ्या आपल्या भागात हे विसरून चालणार नाही.

"प्रयोगशाळेत सिद्ध झालंय" हेही अर्धंच खरं. उदाहरणार्थ, द्राक्षाच्या सालीतल्या रेस्व्हेराट्रॉल या घटकात बशीतल्या पेशी भिजवून ठेवता येतात. पोटात गेल्यावर मात्र आतडं आणि यकृत त्याचं रूप झपाट्याने पालटतात, रक्तात मूळ रूपात फारच थोडं उरतं.

निरोगी आणि गाठीतल्या पेशींत निवड करणारं औषध मात्र आहे: अमिफॉस्टिन, अमेरिकी लष्कराच्या संशोधनातून आलेलं. ते जागं होण्यासाठी लागणारं एन्झाइम निरोगी पेशींत जास्त असतं. तोंड कोरडं पडू नये म्हणून 1999 मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. पण ते किरणांच्या थोडं आधी शिरेतून द्यावं लागतं, उलट्या होतात, रक्तदाब उतरतो. घरी घेण्याजोगं ते नव्हे.

बाटली पुढच्या तपासणीला सोबत न्या, डॉक्टरांपुढे ठेवा. द्राक्षं मात्र खुशाल खा. तोंड आलं असेल, तर आंबट घड बाजूला ठेवून गोड पिकलेले मणी नीट धुऊन खा.